तलावातलं क्लोरीन कोण खातंय?

३ मार्च

विहीणबाई,

नमस्कार. माझं पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहोत. तुमच्या लेकीनं, म्हणजे माझ्या सूनबाईनं, फोनवर सांगितलं की गळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला बोलायची सक्त मनाई केली आहे. जन्मभर वर्गात बोलून पोट भरलेल्या बाईला गप्प बसवलंय म्हणजे काय हाल असतील! म्हटलं, निदान वाचायला तरी काही पाठवावं.

खरं सांगू? माझा स्वार्थ आहे. मी सांभाळते त्या पोहण्याच्या तलावाला काहीतरी लागण झालीय. तुम्ही इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत, तेव्हा तुम्हालाच विचारते.

रोज सकाळी मी पाण्यात क्लोरीन घालते. तपासणीच्या नळीत पाणी घेऊन गोळी टाकली की छान गुलाबी रंग येतो. दुपारी बघावं तर नळीतलं पाणी पावसाच्या पाण्यासारखं बिनरंगाचं. गेल्या हंगामाच्या मध्यापासून हे चाललंय. एवढं क्लोरीन कुणी चमच्यानं खातंय की काय, काही कळत नाही.

पंधरा एप्रिलला आरोग्य खात्याचा निरीक्षक येणार आहे. गेल्या खेपेला त्यानं नापसंतीचा शेरा मारला होता. यंदाही पाणी नापास झालं तर तलाव बुजवून तिथं गाड्या लावायला जागा करायची, असं तलाव ज्या संस्थेचा आहे तिच्या समितीनं ठरवून टाकलंय. मुलगा म्हणतो, "आई, झालं तेवढं पुरे झालं. आमच्याकडे ये, तुझी खोली रंगवून ठेवतो." पोरगं मायेनंच म्हणतंय. पण हे गेल्यापासून मी या तलावावर उभी आहे. उद्या खिडकीशी खुर्ची टाकून दिवसभर सुनेच्या हातचा चहा पीत बसायचं, ह्या विचारानंच मला धाप लागते. तुमची लेक गुणाची आहे, तिच्याबद्दल हे नाही.

काही सुचलं तर लिहा.

तुमची,
तलाववाली विहीण


७ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं आणि मी अक्षरशः टाळी वाजवली. तेवढाच आवाज मला काढता येतो.

मी मुकी झाल्यापासून घरातले सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. तुमचे व्याही तर शेजारच्या इमारतीला ऐकू जाईल असं "चहा घेणार काऽऽ?" विचारतात. मी पाटीवर लिहून दाखवते, "कान शाबूत आहेत." शाळेनं माझ्या जागी तात्पुरती एक तरुण मुलगी घेतलीय. चांगली आहे म्हणतात. ती सध्या हॅलोजन शिकवतेय, माझा सगळ्यात लाडका धडा, आणि मी इथे काढे पितेय. त्यामुळे आता तो तुम्हाला ऐकावा लागणार, सुटका नाही.

फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाखाली एक राहणारी ही भावंडं. खाली पाचवं ॲस्टॅटिनही आहे, पण ते इतकं दुर्मिळ आणि अल्पायुषी की ओळख करून देईपर्यंत गेलेलं असतं. सगळ्यांत वरचं फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव, आणि आयोडीन काळपट घन, तापवलं की सुंदर जांभळी वाफ सोडणारं. खाली जाल तसा रंग गडद, अंग जड आणि स्वभाव थंड. मी वर्गात हे वाक्य म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वहीत उतरवायची.

ह्या सगळ्यांचं दुखणं एकच. प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन, आणि आठ पुरे व्हायला एक कमी. त्या एकापायी सगळी हपापलेली. क्लोरीन पाण्यातल्या जंतूंकडून, घाणीकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं, म्हणून जंतू मरतात. हिसकावून झालं की ते क्लोराइड होऊन निवांत बसतं, मग त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

तर तुमचं क्लोरीन एक तर घाण खातेय किंवा ऊन. तुम्ही पाण्यात काय काय घालता ते सगळं कळवा. अगदी सगळं.

तुमची,
मुकी विहीण


११ मार्च

विहीणबाई,

धडा दोनदा वाचला. हे तर आमच्या सासरचंच वर्णन झालं की! थोरल्या जाऊबाईंची अशीच कुठे काही दिसलं की ओढून घ्यायची सवय होती. मी चार नंबरची सून, म्हणजे आयोडीन. अंग जड हे तर कुणीही सांगेल.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सकाळी क्लोरीन घालते. हंगामाच्या सुरुवातीला स्टॅबिलायझरची पावडर घालते, उन्हानं क्लोरीन जळू नये म्हणून. ती किती आहे ते मोजलंय, अगदी जेवढी हवी तेवढी आहे. कधीमधी थोडं आम्ल. बाकी काही नाही.

बरं, ते जाऊ द्या. परवा मी दुप्पट क्लोरीन घातलं. दुपारपर्यंत तेही स्वाहा. मग गाळणी उघडून धुतली, तळ घासला, माझ्या गुडघ्यांनी त्याबद्दल मला शिव्या दिल्या. फरक शून्य.

तुम्हाला माझ्या घाबरटांच्या वर्गाबद्दल सांगितलं होतं का? ज्यांना मोठेपणी पाण्याची भीती वाटते अशांना मी संध्याकाळी शिकवते. त्यात एक बसचालक आहे, दाराएवढा माणूस. गेला सबंध हंगाम तो पायऱ्यांवरून खाली उतरला नाही. शेवटच्या आठवड्यात एकदाच पाण्यात तोंड बुडवलं, आणि वर येऊन असा हसला की काय सांगू. काल तो फाटकाशी येऊन विचारून गेला, "बाई, यंदा उघडणार ना?" मी म्हटलं, "उघडणार म्हणजे काय, उघडणारच!" तोंड वर करून बोलून तर बसले.

तलाववाली


१५ मार्च

विहीणबाई,

तुम्ही आयोडीन असाल तर आयोडीनला कमी लेखू नका. ज्या ग्रंथीपायी माझा गळा कापला, तिचं पानही आयोडीनशिवाय हलत नाही.

आता एक प्रयोग करा. काचेच्या तीन स्वच्छ बाटल्या घ्या. पहिलीत नळाचं पाणी आणि तुमची स्टॅबिलायझरची पावडर. दुसरी आणि तिसरी, दोन्हींत तलावाचं पाणी. तिन्हींत सारखंच क्लोरीन घाला. पहिल्या दोन भर उन्हात ठेवा, तिसरी कपाटात. दुपारी तिन्ही तपासा.

राग मानू नका, पण तुमच्या गोळ्या जुन्या झाल्या असतील किंवा रंग वाचताना चूक होत असेल, तर तेही यातून कळेल. मुलं प्रयोगाच्या तासाला हमखास हीच चूक करतात.

मुकी


१९ मार्च

विहीणबाई,

गोळ्या नव्या आहेत. रंग मला नीट वाचता येतो. माझे डोळे चांगले आहेत, चष्मा फक्त शिवणकामाला लागतो.

पहिली, उन्हात: गुलाबी.
दुसरी, उन्हात: काहीच नाही.
तिसरी, कपाटात: गुलाबी.

कळावे.

तलाव व्यवस्थापक


२२ मार्च

विहीणबाई,

चुकलं माझं. तुमच्या सहीत "तुमची" नाही आणि "तलाववाली"सुद्धा नाही, हे वाचून मी ह्यांना पाटीवर लिहून दाखवलं, "विहीण रुसली." ते ओरडून म्हणाले, "मग माफी माऽऽग!" मागते.

पण तुमच्या बाटल्या झकास बोलल्या. कपाटातली गुलाबी राहिली, म्हणजे पाण्यात क्लोरीन खाणारी घाण नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उन्हात टिकलं, म्हणजे तुमची पावडर चांगली, गोळ्या चांगल्या आणि डोळेही चांगले. गडबड फक्त तलावाचं पाणी आणि ऊन एकत्र आले की होते. माझी खात्री झालीय की सकाळी तुम्ही क्लोरीन ओतता खरं, पण थोड्या वेळानं तुमच्या तलावात क्लोरीन नसतंच. तिथं ब्रोमीन असतं.

कसं ते सांगते. हपापलेपणा सगळ्या भावंडांत सारखा नाही. फ्लोरीनचा अणू सगळ्यांत लहान. त्याचं केंद्र बाहेरच्या कवचाच्या अगदी जवळ, म्हणून ओढ जबरदस्त. खाली जाल तसा अणू मोठा होतो, मध्ये इलेक्ट्रॉनांचे थर वाढतात, आणि केंद्राची ओढ बाहेरपर्यंत पोचता पोचता क्षीण होते. म्हणून क्रियाशीलता फ्लोरीनची सगळ्यांत जास्त, मग क्लोरीन, मग ब्रोमीन, मग आयोडीन. वरचं भावंड खालच्याच्या हातातला इलेक्ट्रॉन हिसकावू शकतं, खालच्याची मात्र वरच्यापुढे डाळ शिजत नाही.

वर्गात मी ब्रोमाइडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवून निवांत बसलेल्या ब्रोमीनच्या, पाण्यात क्लोरीनचं पाणी ओतायची. दोन जवळपास रंगहीन द्रव एकत्र आले की एकदम केशरी! क्लोरीननं ब्रोमाइडचा इलेक्ट्रॉन घेतला आणि ब्रोमीन उघडं पडलं. आयोडाइडमध्ये ओतलं तर तपकिरी. उलट क्लोराइडमध्ये आयोडीन घातलं तर ढिम्म काही होत नाही.

तुमच्या तलावात तेच चाललंय. फक्त प्रमाण इतकं थोडं की रंग दिसत नाही, आणि गोळी ब्रोमीनलाही गुलाबीच होते. ब्रोमीन जंतू मारतं, पण स्टॅबिलायझर फक्त क्लोरीनला उन्हापासून वाचवतो, ब्रोमीनला वाचवता येत नाही त्याला. ऊन चढलं की ब्रोमीनचं पुन्हा ब्रोमाइड होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही क्लोरीन घालता, ते त्या ब्रोमाइडला पुन्हा ब्रोमीन करण्यात खर्ची पडतं. किती ओतलंत तरी हेच चक्र.

पण ब्रोमाइड आभाळातून पडत नाही, विहीणबाई. ते कुणीतरी घातलंय. आठवा.

तुमची (मी तरी लिहितेच),
मुकी विहीण


२९ मार्च

विहीणबाई,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं.

आठवायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं. गेल्या हंगामात तलावाच्या कडेला शेवाळ धरलं होतं. मी ते फोनवर तुम्हाला सहज बोलले, आणि पुढच्या भेटीत मुलगा आणि सूनबाई तुमच्याकडून आले ते शेवाळ मारायच्या औषधाचा भलामोठा कॅन घेऊन. वर लाल फीत बांधलेली. "आईनं खास दुकानं पालथी घालून आणलंय," सून म्हणाली. मी दर आठवड्याला मापानं घातलं. शेवाळ गेलंही. मी तुम्हाला फोन करून तोंडभर कौतुक केलं होतं.

तुम्ही "सगळं लिहा" म्हणालात तेव्हा माझी लेखणी तिथंच अडली. विहिणीनं प्रेमानं पाठवलेली वस्तू, तिच्यावर संशय कसा घ्यायचा? उद्या सूनबाईच्या कानावर गेलं तर तिला वाटणार, सासूनं आईच्या भेटीला नावं ठेवली. म्हणून "बाकी काही नाही" लिहून मोकळी झाले. मला वाटलं, औषधच ते, त्याचा काय संबंध असणार? पण तुमचं शेवटचं पत्र वाचलं आणि तडक तो कॅन शोधून काढला. ह्या भिडेपायी आपले दोन आठवडे गेले आणि निरीक्षक दाराशी आला.

कॅनवरचं लेबल पाण्यानं निघून गेलंय. त्यात ब्रोमाइड होतं का, ते तुम्हीच सांगू शकाल. नसेल तर मला माफ करा. असेल तरी करा.

तुमची,
तलाववाली


१ एप्रिल

विहीणबाई,

मी दोन कॅन घेतले होते, आणि त्यातला एक तुम्हाला धाडला होता हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. दुसरा आमच्या गच्चीवरच्या हौदासाठी, अजून न फोडलेला. तुमचं पत्र हातात घेऊनच वर गेले. लेबलावर बारीक अक्षरांत, पण स्वच्छ लिहिलंय: सोडियम ब्रोमाइड.

"लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावाल तर खबरदार!" हे मी किती पिढ्यांना दरडावलं असेल, आणि मी काय वाचलं तर दुकानदाराचं हसू! गच्चीवर एकटीच हसत सुटले. हसण्यातून एक बारीक आवाजही निघाला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. डॉक्टर म्हणतात, चांगलं लक्षण आहे.

पण आता हसायचं नाही. नीट ऐका. ब्रोमाइड उडून जात नाही, गाळणीत अडकत नाही, कुठल्या औषधानं मरत नाही. उघड्या तलावातून ते घालवायचा एकच मार्ग, पाणी बदलणं. सगळं. उन्हात दुपारी त्यात ब्रोमीन उरलेलं नसतंच, तेव्हा तपासून बाहेर सोडायला हरकत नाही. तळ आणि गाळणी खळखळून धुवा, मग नवं पाणी, पावडर, क्लोरीन.

मला भीती वाटतेय, ती लपवत नाही. मी तुमचा तलाव पाहिलेलाही नाही. तीन बाटल्यांच्या जोरावर मी तुम्हाला भरलेला तलाव रिकामा करायला सांगतेय, आणि तोही निरीक्षक यायला दोन आठवडे असताना. माझा हिशेब चुकला तर तुमचा तलाव जाईल. माझं काय, मी पाटी पुसून टाकीन. तेव्हा तुम्हाला पटलं तरच करा.

तुमची,
मुकी


६ एप्रिल

विहीणबाई,

पटलं. केलं.

समितीचे चिटणीस धावत आले. "अहो बाई, भरलेला तलाव रिकामा करणारी व्यवस्थापक मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय! पुन्हा भरला नाही वेळेत तर?" मी म्हटलं, "तर तुम्हाला बुजवायला सोपा जाईल." मग मीच तुमचा धडा त्यांना सांगितला. हातातलं किल्ल्यांचं जुडगं घेऊन समजावलं: मी क्लोरीन, तुम्ही ब्रोमीन, किल्ली म्हणजे इलेक्ट्रॉन. ते म्हणाले, "एवढं कधी शिकलात?" मी म्हटलं, "पोस्टानं."

पाणीखात्यानं रात्री नळ सोडायची परवानगी दिली, दिवसा नाही. बसचालकाला कसं कळलं कोण जाणे, तो आणि वर्गातले आणखी चौघं घासायचे ब्रश घेऊन हजर झाले. ज्या खोल टोकाकडे बघायचीही ह्यांची छाती होत नव्हती, तिथं कोरड्या तळावर उभे राहून त्यांनी फरशी न फरशी घासली. बसचालक वर बघून म्हणाला, "बाई, खालून तर काहीच खोल वाटत नाही." मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

भीती मलाही आहे. रिकामा तलाव फार मोठा दिसतो. मुलाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो खोलीचा रंग विचारेल.

हिशेब चुकला तर तो आपल्या दोघींचा चुकला. एकट्या तुमच्या माथी मी मारणार नाही.

तुमची,
तलाववाली


९ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. होय, वाचून! आवाज अजून कुजबुजीएवढाच आहे आणि तिसऱ्या ओळीला दमतो, पण वाचून दाखवलं. ते पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणाले, "विहीणबाई धीराच्या आहेत हो."

पाणी भरल्यावर पहिल्या दिवशी थोडं क्लोरीन कमी झालं तर घाबरू नका, फटींत थोडं ब्रोमाइड राहिलंच असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासा, सावलीत नव्हे, भर उन्हातलं पाणी घेऊन.

मला एक ओळ लगेच पाठवा. बरी-वाईट काहीही.

तुमची,
मुकी (फार दिवस नाही)


१५ एप्रिल

विहीणबाई,

एक ओळ मागितलीत, पण ती मी मुद्दाम पाठवली नाही. तेरा तारखेला दुपारी रंग आला होता. चौदाला पुन्हा आला. तरी माझा विश्वास बसेना. म्हटलं, निरीक्षकाच्या नळीत येऊ दे, मग लिहीन. तुमचा जीव टांगणीला लावला, त्याबद्दल भेटीत काय बोलायचं ते बोला. तोवर आवाज आलेला असेल, मनसोक्त बोला.

निरीक्षक आज आला तो बरोबर टळटळीत दुपारी. मागचा शेरा त्याच्या लक्षात होता. स्वतःची नळी, स्वतःची गोळी. तलावाच्या मधोमध पाणी घ्यायचं म्हणाला, तेव्हा लांब काठीला नळी बांधून मीच घेऊन दिलं. चिटणीस, बसचालक आणि मी, तिघं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. त्यानं गोळी टाकली, हलवली.

गुलाबी, विहीणबाई. असा स्वच्छ गुलाबी की त्याला रंग जुळवायचं कार्ड शेजारी धरावंही लागलं नसतं. तरी त्यानं धरलं. मग कागदावर सही केली आणि मला विचारलं, "गेल्या वर्षी काय झालं होतं?" मी म्हटलं, "घरगुती भानगड होती. धाकट्या भावानं थोरल्याची जागा घेतली होती." तो बिचारा काही न कळून हसला.

संध्याकाळीच फाटक उघडलं. घाबरटांचा वर्ग सगळा हजर. बसचालक पायऱ्यांवरून उतरला, कठडा सोडला आणि चार हात पोहला. चारच, आणि तेही कुत्र्यासारखे पाय मारत. पण सोडला त्यानं कठडा. काठावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले.

आत्ता हे लिहीत असताना मुलाचा फोन येऊन गेला. बातमी ऐकून खूश झाला, पण जरा हिरमुसलाही. "आई, खोलीला फिकट पिवळा रंग दिलाय गं. आता काय करू तिचं?" म्हणाला. मी म्हटलं, "ठेव रिकामी. मी पाहुणी म्हणून येईन, हंगाम संपला की. आत्ता मी कामावर आहे."

तुमची,
तलाववाली